काचेतून वीज, काचेतून उजेड

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एक रंगीत माहितीपत्रक घेऊन घरी आले. इमारतीला पंचवीस वर्षे झाली आहेत. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाल्कन्यांच्या काचा ही दोन्ही कामे एकदमच काढायची असे ठरत होते. पत्रक 'सौर काचे'चे होते. साध्या काचेऐवजी ही काच बसवा, आतून बाहेरचे दिसेल आणि वर वीजही मिळेल, असा एकंदर मजकूर. दोन आकडे ठळक छापलेले : कार्यक्षमता २५ टक्के, पारदर्शकता ७० टक्के. खाली बारीक अक्षरांत 'पेरोव्स्काइट तंत्रज्ञान'. "तू यातलंच काहीतरी करतेस ना गं? एकदा बघ आणि हो की नाही एवढं सांग," काका म्हणाले. दुरुस्ती निधीतली बरीचशी रक्कम त्या काचेवर लागणार होती, आणि सभासदांत निवृत्त माणसे अर्ध्याहून जास्त.

मी यातलेच काहीतरी करते हे खरे. गेली नऊ वर्षे मी अर्धपारदर्शक पेरोव्स्काइट सौरघटांवर, त्यातही घटाच्या वरच्या पारदर्शक इलेक्ट्रोडवर काम करते आहे. 'नाही' म्हणायला पाच मिनिटे पुरली असती. 'का नाही' हे सांगायला कमिटीच्या दोन बैठका लागल्या, आणि त्या बैठकांत निघालेल्या प्रश्नांतूनच हा लेख झाला आहे.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. गुस्टाव रोझ या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८३९ साली उरल पर्वतातून आलेल्या कॅल्शियम टायटेनेटच्या स्फटिकांचे वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन अधिकाऱ्याचे नाव त्यांना दिले. (त्याच वर्षी फ्रान्समध्ये एडमंड बेकरेलला प्रकाशाने वीजप्रवाह निर्माण होतो हे आढळले. या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे १७० वर्षे जावी लागली.) आज सौरघटांत वापरतात तो पदार्थ त्या खनिजापासून रसायन म्हणून अगदी वेगळा आहे, त्यात शिसे आणि आयोडीन असते, एक लहान सेंद्रिय रेणू असतो. सारखी आहे ती अणूंची रचना, म्हणून नाव तेच. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा पहिला सौरघट प्रसिद्ध केला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले लहान घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला एवढी मजल मारायला कितीतरी दशके लागली होती.

या पदार्थाची मोठी सोय अशी की तो प्रकाश फार अधाशीपणे शोषतो. सिलिकॉनच्या पट्टीची जाडी शंभर-दीडशे मायक्रॉन लागते. पेरोव्स्काइटचा अर्धा मायक्रॉनचा थर पुरतो. थर आणखी पातळ केला तर त्यातून आरपार दिसू लागते. इथूनच 'खिडकीची वीज' ही कल्पना निघते, आणि बहुतेक बातम्या इथेच थांबतात. थर पातळ केला की काम झाले, असा त्यांचा सूर असतो. माझ्या नऊ वर्षांपैकी पातळ थर करण्यात गेलेला काळ फार तर एक वर्ष असेल.

उरलेली आठ वर्षे कशात गेली हे कळायला घटाची रचना पाहावी लागेल. मध्ये पेरोव्स्काइट, त्याच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन उचलून नेणारा थर, दुसऱ्या बाजूला धन प्रभार नेणारा थर, आणि या सगळ्यांच्या दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोडला पुस्तकी मराठीत विद्युतअग्र म्हणतात. आपण इलेक्ट्रोडच म्हणू. साध्या, अपारदर्शक घटात खालचा इलेक्ट्रोड काचेवरचा पारदर्शक थर असतो आणि वरचा सोन्याचा किंवा चांदीचा, साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा. तो धातूचा थर एकाच वेळी दोन कामे करतो. वीज वाहून नेतो, आणि आरशासारखा वागून न शोषला गेलेला प्रकाश परत आत ढकलतो. तांबड्या प्रकाशाला पहिल्या फेरीत जे जमले नाही ते दुसऱ्या फेरीत जमते. घट अर्धपारदर्शक करायचा म्हणजे हा धातू काढायचा. आरसा जातो, त्याबरोबर दुसरी फेरी जाते आणि प्रवाह लगेच घटतो. बाकी काहीही न बिघडता झालेला हा तोटा आहे. बिघाड पुढे येतात.

धातूच्या जागी असे काहीतरी हवे, जे विजेला धातूसारखे आणि प्रकाशाला काचेसारखे वाटेल. निसर्गात या दोन गोष्टी सहसा एकत्र राहत नाहीत, आणि त्याचे कारणही एकच आहे. वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. हेच मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर डोलू लागतात आणि तिला परत फेकतात. चांदी चकाकते ती त्यामुळे. काचेत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, म्हणून प्रकाश जातो आणि वीज जात नाही. मधला मार्ग एका ऑक्साइडमध्ये सापडला : इंडियम ऑक्साइडमध्ये वजनाने दहाएक टक्के टिन ऑक्साइड मिसळायचे. प्रयोगशाळांत त्याला सगळे आयटीओ म्हणतात. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, पण चांदीच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकेच. इतक्या विरळ गर्दीला दृश्य प्रकाशाच्या वेगाने डोलता येत नाही, अवरक्ताच्या संथ लहरींबरोबर मात्र डोलता येते. म्हणून आयटीओ डोळ्याला पारदर्शक आणि लांब तरंगलांबीच्या अवरक्ताला आरसा. तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर हाच थर असतो.

इंडियमविषयी थोडे विषयांतर करते. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग येथे फर्डिनांड राइश जस्ताच्या खनिजात दुसरेच काहीतरी शोधत होते. त्यांना रंगांधळेपणा होता, म्हणून वर्णपट पाहायचे काम त्यांनी सहकारी टेओडोर रिख्टर यांच्यावर सोपवले. रिख्टरना एक गडद निळी रेषा दिसली, कोणत्याच माहीत मूलद्रव्याची नसलेली. नीळ जशी निळी तशी ती रेषा, म्हणून मूलद्रव्याचे नाव इंडियम. निळीचे लॅटिन नाव भारतावरून पडलेले, तेव्हा या धातूच्या नावात आपला देश आडवाटेने येऊन बसला आहे. आजही इंडियमची स्वतंत्र खाण बहुधा नसते. जस्त शुद्ध करताना ते थोडेथोडे हाती लागते. टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांनाच ते इतके लागते की उद्या शहरभर खिडक्या आयटीओने मढवायच्या म्हटले तर पहिली अडचण तिथेच येईल.

आता कार्यक्षमतेकडे. इलेक्ट्रोडचा रोध मोजायचे एकक जरा विचित्र आहे : ओहम प्रति चौरस. कसला चौरस, असे कमिटीतल्या एका निवृत्त इंजिनीअर काकांनी लगेच विचारले. उत्तर असे की कोणताही. थराचा चौरस तुकडा घ्या आणि समोरासमोरच्या कडांमध्ये रोध मोजा. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो, रुंदी दुप्पट केली की निम्मा. दोन्ही दुप्पट केल्या की होता तेवढाच. म्हणून नखाएवढा चौरस असो की दाराएवढा, आकडा तोच येतो. काचेवरच्या चांगल्या आयटीओचा हा रोध दहा ते पंधरा ओहम असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा घट दर चौरस सेंटीमीटरला २० मिलिअँपिअर प्रवाह ०.९ व्होल्ट दाबाने देतो आहे आणि तो प्रवाह १५ ओहमच्या थरातून आडवा चालत जाऊन एका कडेच्या धातूच्या पट्टीला मिळतो आहे. पट्टीपर्यंतचे अंतर अर्धा सेंटीमीटर असेल तर वाटेत जवळजवळ ३ टक्के शक्ती उष्णता होऊन जाते. अंतर एक सेंटीमीटर केले तर ११ टक्के, दोन केले तर ४४. तोटा अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वीतभर अंतराला हिशेब मांडण्यातच अर्थ राहत नाही.

मोठ्या काचेवर म्हणून लेसरने रेघा ओढून घटाच्या काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडतात आणि त्या एकापुढे एक जोडतात. रेघांची जागा वीज देत नाही. प्रयोगशाळेतल्या आकड्यातून मोठ्या काचेच्या आकड्याकडे येताना पहिली घसरण होते ती इथे. कार्यक्षमतेचा आकडा वाचला की तो किती क्षेत्रफळावर मोजला आहे हे मी आधी शोधते, ती सवय यातूनच लागली.

मग इलेक्ट्रोड जाड का करू नये? जाडी दुप्पट केली की रोध निम्मा होतो. पण प्रकाशही अधिक अडतो. किती जाडी बरी, हे ठरवायला पूर्वी पारदर्शकता भागिले रोध असे साधे गुणोत्तर वापरत. त्याप्रमाणे सर्वांत 'उत्तम' ठरणारा थर फक्त ३७ टक्के प्रकाश सोडतो. खिडकीला कोणी घेईल का तो? १९७६ मध्ये जी. हाके यांनी सुचवले की पारदर्शकतेचा दहावा घात घ्यावा आणि मग रोधाने भागावे. त्याने उत्तम थर ९० टक्क्यांच्या आसपास येतो. दहाच का, याला निसर्गाचा काही आधार नाही. आपल्याला ९० टक्के हवे असतात म्हणून दहा. तरीही पन्नास वर्षे हाच निकष वापरात आहे, आणि मला तो त्याच्या उघड व्यवहारीपणामुळे आवडतो.

हे सगळे पुस्तकात होते आणि मी ते वाचून कामाला लागले होते. पुस्तकात नव्हते ते वरचा इलेक्ट्रोड लावताना समजले. खालचा आयटीओ काचेवर आधीच असतो; काच दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवून त्याचे छान स्फटिक केलेले असतात. वरचा मात्र पेरोव्स्काइटवर लावायचा. हा पदार्थ दीडशे अंशांपलीकडे टिकत नाही. काळसर तपकिरी थर पिवळा पडतो, म्हणजे शिशाचे आयोडाइड उरते. त्यामुळे वरचा आयटीओ जवळजवळ थंडच लावावा लागतो आणि त्याचा रोध अधिक राहतो. लावायची पद्धत स्पटरिंगची : निर्वात कक्षात आर्गॉनचे आयन आयटीओच्या चकतीवर आदळवायचे, उडालेले अणू समोरच्या घटावर जाऊन बसतात. बसतात म्हणजे आदळतात. त्यांची ऊर्जा सेंद्रिय रेणूंचे बंध तोडायला पुरेशी असते, आणि घटाचा सर्वांत वरचा थर सेंद्रियच असतो.

माझ्या पहिल्या घटांपैकी सोन्याचा इलेक्ट्रोड लावलेले १६-१७ टक्के देत होते. त्याच दिवशी, त्याच द्रावणातून केलेले आयटीओचे घट ५ टक्क्यांच्या पुढे जाईनात. प्रवाह आणि दाब यांचा आलेख, जो गुडघ्यासारखा वळायला हवा, तो एस अक्षरासारखा मुरडलेला. मी पेरोव्स्काइटला दोष देत राहिले. मिश्रणे बदलली, कोरडी हवा बदलली, पावसाळ्याला बोल लावला. यात चौदा महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी वैतागून एक पूर्ण घट स्पटरिंगच्या यंत्रात ठेवला आणि त्यावर क्वार्ट्झची काच झाकली, म्हणजे झगझगाट आत पोचेल आणि अणू पोचणार नाहीत. दुसरा घट तसाच उघडा ठेवला. दोन मिनिटे यंत्र चालवले. मग झाकलेल्यावर सोने चढवले तर १६ टक्के, उघडा मेलेला. पेरोव्स्काइट निर्दोष होता. एवढी साधी परीक्षा पहिल्याच महिन्यात का सुचली नाही, याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.

उपाय तोवर दुसऱ्यांनी शोधला होता. सेंद्रिय थर आणि आयटीओ यांच्यामध्ये टिन ऑक्साइडचे एक पातळ चिलखत चढवायचे, तेही आदळून नव्हे, तर वायूंच्या आळीपाळीच्या फेऱ्यांनी. एक फेरी टिनच्या संयुगाची, एक पाण्याच्या वाफेची. प्रत्येक जोडफेरीला नॅनोमीटरच्या दशांशाएवढा थर. पंधरा नॅनोमीटरला शे-दीडशे फेऱ्या, म्हणजे बराच वेळ बसून राहणे. पेरोव्स्काइट पाण्याला इतका भितो की त्याचे घट कोरड्या पेटीत ठेवतात, आणि आम्ही त्याच्यावर मुद्दाम वाफ सोडतो! पण मधला फुलरिनचा थर तेवढे सोसतो आणि घट वाचतो. २०१७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने याच मार्गाने सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवून २३.६ टक्के मिळवले. त्यांची दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते : असा घट ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा यांत १००० तास टिकला. ज्या थराकडे सगळे केवळ तोटा म्हणून पाहत होते, तो झाकणाचे कामही करत होता. चांदीचा इलेक्ट्रोड हे करू शकत नाही. पेरोव्स्काइटमधले आयोडीन सरकत त्याच्यापर्यंत जाते आणि त्याचे सिल्व्हर आयोडाइड करून टाकते.

आयटीओला पर्याय आहेत, प्रत्येकाला आपले दुखणे आहे. चांदीचा दहाएक नॅनोमीटरचा थर आरपार दिसतो, पण त्याहून पातळ केला तर पसरट थर न होता बेटे होतात आणि वीज तुटते. चांदीच्या नॅनोतारांची जाळी प्रकाश छान सोडते; आयोडीनचा प्रश्न तिथेही उभा राहतो. ग्राफिनचा एक पदर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, पण एका पदराचा रोध फार.

आता त्या पत्रकाचा हिशेब. खिडकीवर पडलेला प्रकाश १०० धरू. पहिला इलेक्ट्रोड ९० सोडतो, दुसरा त्यातले ९० टक्के. मध्ये पेरोव्स्काइट ठेवलाच नाही तरी पलीकडे ८१ पोचतात. पत्रकाच्या म्हणण्यानुसार आत ७० यायला हवेत. म्हणजे पेरोव्स्काइटने त्याच्यापर्यंत आलेल्या ९० पैकी सुमारे १२ च शोषायचे. सगळा प्रकाश शोषणारा उत्तम घट २६ टक्के देतो; १२ शोषणारा ढोबळमानाने तीन, फार तर साडेतीन टक्के देईल. अतिनीलाचे थोडे वर धरा, तरी पंचवीस कुठे! इलेक्ट्रोड अगदी अदृश्य मानले तरी ३० शोषून आठच्या आसपास पोचतो. आणि बाल्कनीची काच उभी. दुपारचा सूर्य तिच्यावर तिरपा पडतो, ते निराळेच.

या क्षेत्रात म्हणून दोन आकडे वेगळे देत नाहीत, त्यांचा गुणाकार देतात. १० टक्के कार्यक्षमता आणि ३० टक्के सरासरी दृश्य पारदर्शकता असेल तर गुणाकार ३ टक्के. पत्रकातल्या आकड्यांचा गुणाकार साडेसतरा येतो. फक्त अतिनील आणि अवरक्त शोषणाऱ्या, डोळ्याला पूर्ण पारदर्शक अशा काल्पनिक घटाची सैद्धांतिक मर्यादाच २०.६ टक्के आहे, आणि पेरोव्स्काइट तर दृश्य प्रकाशावरच जगतो.

मग ते आकडे आले कुठून? मला वाटते दोन्ही आकडे खरे असावेत, फक्त एका वस्तूचे नसावेत. बैठकीत मी एक सीलबंद घट नेला होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा. त्यातून पाहिले तर दिवा जेमतेम दिसतो. तो टीव्हीच्या रिमोटच्या तोंडावर धरला आणि बटण दाबले. टीव्ही लागला. रिमोटचा प्रकाश अवरक्त असतो, ९४० नॅनोमीटरचा. पेरोव्स्काइट ८०० च्या आसपास शोषण थांबवतो, त्यामुळे तो त्याला आरपार काच. 'अर्धपारदर्शक' या शब्दाचे आमच्याकडे असे दोन अर्थ आहेत. खिडकीसाठी डोळ्याला पारदर्शक. दुसरा अर्थ टँडम घटाचा : वर पेरोव्स्काइट, खाली सिलिकॉन. वरच्याने दृश्य प्रकाश घ्यायचा आणि अवरक्त खालच्याला द्यायचा. एकाच अर्धवाहकाच्या घटाला सुमारे ३३ टक्क्यांची मर्यादा आहे हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये दाखवले. दोन घट एकावर एक ठेवून ती ओलांडता येते, आणि असे लहान घट आज ३४ टक्क्यांच्या पुढे आहेत. मुंबईत आयआयटीच्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्रातही अर्धपारदर्शक पेरोव्स्काइट घट सिलिकॉनवर ठेवून, दोघांची वीज वेगवेगळी घेऊन, एकूण २६ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळवली आहे. अशा घटाला ७० टक्के पारदर्शकता असू शकते, पण ती अवरक्तात. डोळ्याला तो जवळजवळ काळाच.

गंमत म्हणजे दोन अर्थांना लागणारा इलेक्ट्रोडही एक नाही. खिडकीसाठी आयटीओने अवरक्त परतवले तर बरेच. खोली कमी तापते. टँडममध्ये तेच अवरक्त सिलिकॉनचे अन्न, म्हणून तिथे मोकळे इलेक्ट्रॉन कमी पण अधिक चपळ असलेली ऑक्साइडे लागतात. इंडियम ऑक्साइडमध्ये टिनऐवजी जस्त किंवा हायड्रोजन घालून ती मिळतात. मी सध्या त्यावर आहे.

शिशाचा प्रश्न एका काकूंनी विचारला, आणि तो रास्त होता. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरला एक ग्रॅमपेक्षा कमी शिसे असते. पण काच फुटली आणि पाऊस आला तर ते पाण्यात उतरू शकते, हे मी लपवले नाही.

कमिटीच्या वतीने आम्ही कंपनीला चार ओळींचे पत्र लिहिले. कार्यक्षमता आणि पारदर्शकता एकाच नमुन्यावर मोजली आहे का? पारदर्शकता कोणत्या तरंगलांबीची? नमुन्याचे क्षेत्रफळ किती? दमट उष्णतेत किती तास टिकला? महिन्याभराने उत्तर आले, त्यात तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते : ०.१ चौरस सेंटीमीटर. सेक्रेटरी काकांनी ते वाचले, स्वयंपाकघरातून मुगाचे दोन दाणे मागवून घेतले आणि पत्रावर ठेवून पाहिले. आमची बाल्कनी तीन मीटर लांब आहे. काचा साध्याच बसल्या. गच्चीवर मात्र लिफ्ट आणि पंपापुरते सिलिकॉनचे पॅनेल घेतले. माझा चहाच्या रंगाचा घट काकांनी परत दिलेला नाही. नातवंडे आली की त्यांना रिमोटचा खेळ दाखवतात.